देवव्रतचा घसा

देवव्रतचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणाचा तरी हात यंत्रात सापडला असं वाटून जिन्यावरून धावत खाली गेलो होतो. १९९२ चा जानेवारी होता. सांगलीहून बंगळूरला येऊन मला चारच दिवस झाले होते. बसवनगुडीत व्यंकोजीरावांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती, आणि त्या रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या शेडमधून कुणीतरी असं ओरडलं की माझ्या हातातला चहा सांडला. खाली ओट्यावर घरमालकीण मथुराक्का अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"कोण ओरडलं?" मी विचारलं.

"ओरडतोय कुठे? देवू गातोय," त्या म्हणाल्या. "चहा सांडला का? दुसरा देते."

देवू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा देवव्रत. वय सव्वीस, खांद्यापर्यंत केस, अंगाने काटकुळा. एवढा आवाज त्याच्यात मावतो कुठे, हा प्रश्न त्याला बघणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्याच शेजारी येऊन बसला, तेव्हा कळलं की आम्ही दोघंही बोम्मसंद्र्याच्या एकाच कारखान्यात. मी पंपाची कास्टिंग तपासायच्या खात्यात नवा लागलो होतो, तो सहा वर्षांपासून ड्रिलिंग मशीनवर होता. पुढची सात वर्षं त्या बसच्या त्याच सीटवर आम्ही शेजारी बसलो.

"तुमची मराठी पेपरातली," त्याने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं. "आमची शहाजीराजांच्या फौजेबरोबर आली. म्हणून स्वल्प गंजली आहे."

त्यांच्या घरात बोलायला मराठी होती आणि लिहायला कन्नड. शाळेत हिंदी होतं म्हणून देवनागरी अक्षरं त्याला ओळखता यायची, पण हिंदीत तो तीनदा नापास झाला होता आणि त्या अक्षरांचा त्याने राग धरला होता. सामानाची यादीसुद्धा त्या घरात मराठीतच, पण कन्नड लिपीत लिहिली जायची. मला ती वाचता यायची नाही. अडलं काय होतं? मथुराक्का वाचून दाखवायच्या.

हेवी मेटल हा शब्द मी ऐकला होता, पण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते त्याने मला होसूर रोडवरच्या खड्ड्यांत आदळत आदळत समजावलं. "गिटार भट्टीसारखी पाहिजे अण्णा. ड्रम घणासारखा. आणि गाणारा दोघांच्या मधे उभा राहून भाजला पाहिजे." त्याच्या बँडचं नाव होतं रेड ऑक्साइड. लोखंडाला गंजू नये म्हणून रंगाआधी जो लाल हात देतात, ते रेड ऑक्साइड. त्यांच्या घराची लाल गुळगुळीत जमीनही त्याचीच होती. चौघंजण होते. गिटार वाजवणारा प्राणेश हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, इंजिनिअर होऊन कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. बाकीचे दोघं दर वर्षी बदलायचे. गाणी इंग्रजीत असायची आणि त्यातला एक शब्दही कुणाला कळायचा नाही. देवव्रतच्या मते ते बरंच होतं, कारण त्याचं इंग्रजी यथातथाच होतं.

मला ते संगीत आवडलं असं मी म्हणणार नाही. पण कॉलेजांच्या मैदानांवर दुपारी कार्यक्रम असायचे, मथुराक्का मला त्याच्यासोबत पाठवायच्या, आणि तिथे मी बघायचो. हा आमच्या बसमधला लाजरा माणूस स्टेजवर गेला की पोटातून असा काही सूर काढायचा की समोरची हजार पोरं एकदम माना हलवायला लागायची. मॅनेजरसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तिथे मात्र तो कुणाचाच नसायचा.

मथुराक्का मला का पाठवायच्या, ते कळायला थोडे महिने लागले. स्टेजवर जायच्या आधी देवव्रत रम प्यायचा. सुरुवातीला दोन घोट. "आवाज खाली उतरत नाही हो तिच्याशिवाय," तो म्हणायचा. मग तालमीच्या रविवारी. मग पाळी सुटल्यावर. १९९४ उजाडेपर्यंत सकाळच्या बसमध्ये त्याच्या पिशवीत कोल्ड्रिंकची बाटली असायची आणि तिला कोल्ड्रिंकचा वास नसायचा. मशीनवर त्याचा हात कधी चुकला नाही, म्हणून कारखान्यात कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिलो, हे मला आजही खातं.

त्याचे वडील व्यंकोजीराव त्याच्याशी बोलत नसत. ते पोलीस बँडमध्ये तीस वर्षं कॉर्नेट वाजवत होते. कॉर्नेट म्हणजे तुतारीच्या जातीचं एक आखूड पितळी वाद्य. रविवारी संध्याकाळी कब्बन पार्कात बँड वाजायचा त्यात ते पहिल्या रांगेत असायचे. ताठ मान, चुन्यासारखे पांढरे मोजे, आयुष्यात कधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. १९९३ मध्ये ते निवृत्त झाले, त्या निरोप समारंभाला देवव्रत पिऊन गेला. साहेबांचं भाषण चालू असताना त्याने जाऊन माइक घेतला आणि माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या काठीच्या इशाऱ्यावर वाजवलं, असं काहीतरी बोलला. काय बोलला ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. व्यंकोजीरावांना शब्दन् शब्द आठवत होता. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. एका घरात दोन वर्षं मथुराक्का निरोप पोचवत होत्या. "देवू, अप्पांना विचार म्हणतेय मी, आंघोळ झाली का," असं त्या मोठ्याने म्हणायच्या आणि व्यंकोजीराव दुसऱ्या खोलीतून "झाली" म्हणायचे.

१९९५ च्या ऑगस्टअखेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात कार्यक्रम होता. वेळ दुपारी तीनची. देवव्रत नाश्त्यापासून पीत होता. तिसऱ्या गाण्यात त्याने एक लांब चीत्कार काढला, तो मधेच फाटला आणि त्यानंतर तोंडातून नुसती हवा आली. त्याला वाटलं माइक बंद पडला. त्याने माइकवर टिचकी मारली, ती सगळ्या मैदानाला ऐकू गेली. पुन्हा तोंड उघडलं. हवा. पोरं हसायला लागली. मग तो वाकला, थुंकला, आणि थुंकीत रक्त होतं.

प्राणेशने गिटार खाली टाकली. आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातलं आणि घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आरसा घालून घसा बघितला, मग पुन्हा एकदा बघितला.

"गाता की भांडता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"गातो," प्राणेश म्हणाला, कारण देवव्रतला बोलता येत नव्हतं.

आवाज ज्याने निघतो त्या घशातल्या पडद्यातून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने जास्त बिघडतं. तिखट बंद, सिगरेट बंद. "आणि ती," डॉक्टर म्हणाले. "घसा मी बघतो. पण ती तुमच्या हातून काढून घ्यायचं औषध माझ्याकडे नाही." त्यांनी चिठ्ठीवर औषधं लिहिली, आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एका चर्चच्या हॉलचा पत्ता लिहिला. दर शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता.

मथुराक्कांनी गल्लीच्या दुकानातून पाटी आणली, शाळेतली लाकडी चौकटीची. देवव्रतने पहिलं वाक्य लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. गोल गोल कन्नड अक्षरं. मला काही कळेना. मथुराक्कांनी वाचलं, "म्हणतोय, शनिवारी तुम्ही चला."

म्हणून मी गेलो. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं खुर्च्या मांडून गोल बसली होती. दारू सोडलेल्यांची, आणि सोडू बघणाऱ्यांची बैठक. कुणी कन्नडमध्ये बोलत होतं, कुणी तमिळमध्ये, एक म्हातारे गृहस्थ फार सुंदर इंग्रजीत. प्रत्येक जण उभा राहून नाव सांगायचा आणि मी दारुडा आहे म्हणायचा. आमची पाळी आली. देवव्रतने माझ्याकडे बघितलं, मी उभा राहिलो आणि मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, "माझं नाव अरविंद." पुढे काय म्हणावं ते सुचेना. सगळे माझ्याकडे अशा मायेने बघायला लागले की मला घाम फुटला. एकाने तर उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. "मी नाही, हा," मी म्हणालो. ते सगळ्यांनी आधी ऐकलेलं वाक्य असावं. कुणाचाच विश्वास बसला नाही.

तेव्हा देवव्रत उठला आणि त्याने पाटी छातीशी धरली. त्यावर त्याने आधीच काहीतरी लिहून आणलं होतं. बैठक चालवणारे बसवंतण्णा, सिटी बसचे निवृत्त कंडक्टर, यांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. "मी देवव्रत. मी गायक आहे. मी दारुडा आहे. मला बोलायची बंदी आहे." मग ते म्हणाले, "बोलू नका. इथे येऊन नुसतं ऐकणारा माणूस आम्हाला कधी मिळत नाही."

सगळे हसले. देवव्रतही हसला, आवाज न करता, खांदे हलवत.

त्या सहा आठवड्यांत मी कन्नड लिपी शिकलो. दुसरा इलाजच नव्हता. बसमध्ये तो पाटीवर लिहायचा आणि मी एकेक अक्षर लावत बसायचो. भाषा माझीच, अक्षरं परकी. एखादं वाक्य लागलं की लहान मुलासारखा आनंद व्हायचा. मग लक्षात आलं, की गेल्या तीन वर्षांत त्याने तोंडाने मला जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं तो आता पाटीवर सांगत होता. पाटी लहान, म्हणून वाक्यं लहान. 'हात थरथरतात.' 'स्वप्नात पितो.' एकदा सिल्क बोर्डच्या सिग्नलला बस थांबलेली असताना त्याने लिहिलं, 'अप्पांच्या समारंभात मी काय बोललो, तुम्हाला माहीत आहे?' मी मान हलवून नाही म्हणालो. मला मथुराक्कांनी सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाटी पुसली.

व्यंकोजीराव पहिला आठवडा गप्पच होते. एका सकाळी देवव्रत ओट्यावर बसला होता, मी पेपर वाचत होतो. ते आतून आले आणि खुर्ची ओढून मुलासमोर बसले.

"आता तुला उलट बोलता येत नाही," ते म्हणाले, "म्हणून बोलतो."

देवव्रतने पाटी उचलली. त्यांनी ती त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"परेडवर हवालदार सकाळपासून दुपारपर्यंत ओरडतो. त्याचा घसा बसलेला बघितलास कधी? तीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तू गळ्याने ओरडतोस. गळा नुसता दरवाजा आहे रे. येणारा-जाणारा दुसराच कुणी असतो. आत ये."

आत त्यांनी त्याला लाल जमिनीवर उताणं झोपवलं आणि टेलिफोन डायरेक्टरी त्याच्या पोटावर ठेवली. बंगळूरची ती जाडजूड डायरेक्टरी. "श्वास घे. छाती हलता कामा नये. डायरेक्टरी वर जाऊ दे. आता सोड, पण चोरासारखा सोड, हळू." ते घड्याळ घेऊन शेजारी बसले. पहिल्या दिवशी देवव्रत अकरा सेकंद श्वास सोडू शकला. "कॉर्नेटच्या पहिल्या वर्गातला पोरगा वीस करतो," व्यंकोजीराव म्हणाले.

त्यानंतर रोज पाळीवर जायच्या आधी हा प्रकार चालू झाला. भिंतीला कागदाचा कपटा लावायचा आणि फुंकरीनेच तो तिथे धरून ठेवायचा. अकराचे सतरा झाले, सतराचे चोवीस. त्या वेळात व्यंकोजीराव बोलायचे. बँडमधल्या गोष्टी, कोण कसा वाजवायचा, कुणी पावसात गणवेश भिजवून घेतला. दोन वर्षांचं साठलेलं होतं. स्वयंपाकघरात मथुराक्का कढईचा आवाज न करता काम करायच्या, सगळं ऐकू यावं म्हणून.

आणि मग आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. आमच्या कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊन पुसून हार घालायचे, दारात कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे आणि मग साहेब लोक गेले की दुपारी मागच्या गोदामात दुसरा कार्यक्रम व्हायचा. देवव्रतच्या मशीनला सगळ्यात मोठा हार होता. मी तपासणी खात्यात पूजेला होतो. बसमध्ये तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि मला वास आला.

त्याने पाटी काढली. 'नाही म्हणायलाही आवाज लागतो,' त्याने लिहिलं. हेब्बगोडी गेलं, इलेक्ट्रॉनिक सिटी गेली. त्याने ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. 'खोटं. मान हलवता आली असती.'

घरी दारातच व्यंकोजीराव उभे होते. त्यांनाही वास आला. ते मागे वळले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरी जमिनीवर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. मथुराक्का पुन्हा मोठ्याने बोलायला लागल्या, पण आता दोघांपैकी एकही उत्तर देत नव्हता.

शनिवारी बैठकीत देवव्रतने पाटी धरली. 'आयुधपूजेला प्यायलो. आज चौथा दिवस.' मला वाटलं, कुणीतरी उपदेश करेल. बसवंतण्णांनी वाचलं आणि म्हणाले, "चौथा म्हणजे चौथा. माझा पहिला दिवस सात वेळा आला होता. खुर्ची पुढे घ्या, वारा लागतोय." एवढंच. मग पुढच्या माणसाची पाळी.

घरी आल्यावर देवव्रत चपला काढून सरळ वडिलांच्या समोर गेला आणि तीच पाटी त्यांच्यापुढे धरली. त्याने ती वाटेत पुसली नव्हती. रिक्षातही छातीशी धरून बसला होता. व्यंकोजीरावांनी वाचली. मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने ती पाटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली, अगदी कॉर्नेट पुसायचे तशी, आणि म्हणाले, "झोप खाली. चार दिवसांत पोट विसरलं असेल."

ऑक्टोबरच्या मध्याला डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि "आ म्हणा" म्हणाले. देवव्रत आ म्हणाला. थोडा खरखरीत, पण पुरता आ होता. येताना वाटेत तो एक शब्दही बोलला नाही. घरी पहिल्यांदा काय बोलायचं हे त्याने म्हणे ठरवून ठेवलं होतं, आईविषयी काहीतरी मोठं. दारातून आत आला, मथुराक्का परातीपुढून उठल्या, आणि तो म्हणाला, "अम्मा, आज सारू स्वल्प तिखट कर."

त्या इतक्या हसल्या की शेवटी पदराने डोळे पुसायला लागल्या.

बोलणं आलं, गाणं यायला आणखी तीन महिने लागले. व्यंकोजीराव मागच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकायचे नाहीत ते आता तिथे स्टूल टाकून बसायला लागले. ते गाणं त्यांना अजिबात आवडत नसे. "कुत्रं चावल्यासारखं आहे," ते म्हणायचे, "पण श्वास बरोबर आहे." प्राणेश त्यांना फार घाबरायचा.

१९९६ च्या फेब्रुवारीत, दारू न पिता, देवव्रत पहिल्यांदा स्टेजवर चढला. दुसरं एक कॉलेज, दुपारचे चार. स्टेजमागे तो माझ्याजवळ आला. मला म्हणाला, "अण्णा, मी परत जातो." मी म्हणालो, "बरं, रिक्षा बघू का?" तो म्हणाला, "बघा." मी रिक्षा बघायला निघालो तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं आणि प्राणेशने त्याला ढकललं.

नंतर त्याने मला सांगितलं की सात वर्षांत त्याने समोरची माणसं कधी बघितलीच नव्हती, नुसता एक गरम ढीग दिसायचा. त्या दिवशी एकेक चेहरा दिसला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने जांभई दिली, तीही दिसली. ती जांभई बघून तो दुसऱ्या गाण्याचे शब्द विसरला.

गिटार चालू, ड्रम चालू, आणि गाणारा गप्प. प्राणेशने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा वाजवला. देवव्रतने डोळे मिटले आणि पोटातून, अगदी डायरेक्टरीच्या खालून, आवाज काढला. "सि-ल्क बोर्ड!" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बोम्मनहळ्ळी! कूडलू गेट! सिंगसंद्रा!" आमच्या कंपनीच्या बसचे थांबे तो ओळीने गात होता, भट्टीचं दार उघडावं तशा आवाजात. "कोनप्पन अग्रहार!" एवढं होईपर्यंत पोरांना कळलं होतं. त्यांच्यातले अर्धे त्याच रस्त्यावर राहत असावेत. "हेब्बगोडी" सगळ्या मैदानाने म्हटलं, आणि "बोम्मसंद्रा" वर तर ती जांभई देणारी मुलगीही उड्या मारत होती. रेड ऑक्साइडच्या गाण्यातले शब्द लोकांना समजले, अशी ती पहिलीच वेळ.

व्यंकोजीराव त्या कार्यक्रमाला आले नव्हते. आम्ही घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. "कितव्या गाण्यापर्यंत पुरला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या, अप्पा. सहाच्या सहा."

"हं," ते म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. संध्याकाळचे सात वाजले होते. मथुराक्का म्हणाल्या, दुपारपासून येरझाऱ्या घालून पाय दुखत असतील.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. १९९७ मध्ये प्राणेश अमेरिकेला गेला आणि बँड जवळजवळ मोडला. विमानतळावरून परतताना देवव्रत मला म्हणाला, आज माझ्यासोबत थांबा, एकट्याने घरी जायचं नाही. आम्ही लालबागेत जाऊन तलावाच्या काठाला अंधार पडेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. पुढे कॉलेजातली तीन पोरं त्याला येऊन मिळाली. ती त्याला अंकल म्हणायची, त्याचा त्याला दोन दिवस राग आला होता.

९८ मध्ये भव्याचं स्थळ आलं. ती जयनगरला शिवणाच्या शाळेत शिकवायची. बघायला गेलो तेव्हा सगळ्यांसमोर, पोहे हातात असताना, देवव्रतने सांगून टाकलं. "मी दारुडा आहे. अडीच वर्षं झाली, घेतली नाही. पण आहे." तिच्या वडिलांच्या हातातली बशी तशीच राहिली. भव्याने विचारलं, "आणि ते गाणं? ते पण बंद केलं का?" तो नाही म्हणाला. "मग घरात गायचं नाही. शेडमध्ये," ती म्हणाली, आणि तिच्या आईला कळलं की मुलीने होकार दिला.

१९९९ च्या मार्चमध्ये माझी सांगलीजवळच्या कारखान्यात सोय झाली. निघायच्या आधीच्या रविवारी देवव्रतचा देवनहळ्ळीला कार्यक्रम होता, त्याच्या एका नव्या गिटारवाल्याच्या मामांच्या द्राक्षाच्या मळ्यात. टेंपोत मागे ड्रमच्या पेट्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. वारा होता, म्हणून तो जपून, हळू बोलत होता.

"मला वाटायचं, आत एक जनावर आहे," तो म्हणाला. "ते रम पितं आणि गातं. रम बंद केली की ते मरणार आणि मी नुसता ड्रिलिंगवाला उरणार. म्हणून इतकी वर्षं सोडली नाही, अण्णा. दारूवर माझा जीव नव्हता, गाण्यावर होता. मग सोडली तर कळलं, जनावर-बिनावर काही नव्हतंच. मीच होतो. मला गायला आवडतं, एवढंच."

"आता भीती नाही वाटत?"

"वाटते की. त्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोरून मी अजून जात नाही. पलीकडच्या फुटपाथने जातो. भव्या हसते. हसू दे." त्याने सरकणारी एक पेटी पायाने अडवली. "लोक म्हणतात, राग काढायला गातोस का? राग कसला? अप्पा परेडचं वाजवायचे, ते काय रागाने? मोठ्याने वाजवायचं असतं ते, म्हणून मोठ्याने वाजवायचे."

मळ्यात साठेक माणसं होती. अर्धी कॉलेजची, अर्धी मळ्यावर काम करणारी, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. मथुराक्का आणि भव्या मांडवात बसल्या होत्या, व्यंकोजीराव याही वेळी घरीच थांबले होते. देवव्रतने तास-दीड तास गायलं. दोन गाण्यांच्या मधे थर्मासमधलं कोमट पाणी प्यायचा. केसांत थोडे पांढरे आले होते. पहिल्या गाण्याला पोरं रडायला लागली आणि दोन बायका त्यांना घेऊन लांब गेल्या, पण पुरुष जागेवरून हलले नाहीत. एक जण तर टोपी काढून बसला होता.

कार्यक्रम संपल्यावर मळ्याचे मालक, साठीचे, धोतर नेसलेले, देवव्रतकडे आले. त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

"घसा दुखत नाही का हो?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"आधी फार दुखायचा," देवव्रत म्हणाला.

मग पंगत बसली, मांडवातच, केळीच्या पानांवर. तो माझ्याशेजारी मांडी घालून बसला आणि भव्याने वाढलेला भात त्याने दोनदा मागून घेतला.